भिंतीकडचं तरट

आमच्या घरात भांडणाचा एक कायदा आहे. दोघं भांडायला लागले की त्यांना समोरासमोर बसवायचं, आपापली बाजू मांडू द्यायची आणि मग जागा बदलायला लावायची. ज्याच्या जागेवर बसलात त्याची बाजू मांडायची, आणि तीही मनापासून. परवा धाकट्या पुतण्यानं आणि माझ्या थोरल्या लेकीनं दाण्याच्या शेवटच्या लाडवावरून हा कायदा वापरला. जागा बदलल्यावर दोघं एकमेकांची बाजू इतकी चांगली मांडायला लागले की शेवटी लाडवाला कोणी हात लावेना. तो मी खाल्ला. न्यायाधीशाला एवढं तरी मिळावं. हा कायदा मी लाडवासाठीच घरात आणला, असं बायकोचं म्हणणं आहे.

तसं नाही. कायदा हमीदमास्तरांचा आहे. मी फक्त तो त्यांच्या शाळेतून उचलून आणला, आणि वाटेत त्याची बरीच नासाडी केली.

डोंगरकड्याच्या अलीकडं आमचं गाव. राज्य निजामाचं. शाळा सरकारी, म्हणजे मास्तर सरकारी आणि जागा पाटलांची. पाटलांच्या जुन्या आखाड्यावरची, म्हणजे गुरांच्या वाड्यातली, ती एक लांबोडी खोली. पूर्वी तिथं बैल बांधायचे, आणि पाऊसकाळात भिंती अजून बैलांची आठवण काढायच्या. मी तिथं कवायत आणि भूगोल शिकवायचो. माझी छाती तेव्हाही आतल्या बाजूलाच होती. ‘सीना बाहर’ असा हुकूम मी सोडला की पोरं माझ्याकडं बघून गोंधळात पडायची.

त्या राज्यात मुसलमान पोरांना धर्माचा तास असायचा. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी काय करायचं, म्हणून त्यांच्यासाठी अखलाक नावाचा विषय होता. अखलाक म्हणजे नीती. मौलवीसाब पडवीत धर्म शिकवायचे आणि हिंदू पोरांना नीती शिकवायचं काम हमीदमास्तरांकडं होतं. गावाला यात काही वावगं वाटलं नाही. नीती कुणीतरी शिकवायचीच, आणि गावात दुसरं कुणी त्या कामाला तयार नव्हतं.

मास्तर औंढ्याचे, मनियाराच्या घरचे. त्यांचे वडील नागनाथाच्या देवळासमोर बांगड्या भरायचे. मास्तर सांगायचे, ‘बाप म्हणायचा, बांगडी चढवताना बाईचा हात दुखतो. तवा तिच्या तोंडाकडं बघू नको, बांगडीकडं बघ. नीतीचा पहिला धडा मला तिथं मिळाला, रंगराव, आन् त्याचा मतलब मला आजून लागला न्हाई.’

उंच माणूस. शेरवानीची वरून दुसरी गुंडी कायमची गेलेली, आणि त्या जागी टाचणी. दाढी बेताची. चालताना हात पाठीमागं, जणू स्वतःच स्वतःला धरून चाललेत. बोलायच्या आधी थांबायचे. हे थांबणं अंगवळणी पडायला नव्या माणसाला साधारण एक वर्ष लागायचं.

त्यांना ‘कसं काय मास्तर, बरं हाय ना?’ असं विचारायची सोय नव्हती. ते उभे राहायचे, आभाळाकडं बघायचे आणि खरंच तपासायचे. ‘गुडघा दुखून राहिला. पर त्याला बरं न्हाई म्हणावं का, ते बघावं लागंल.’ तोवर विचारणाऱ्याचे बैल वावरात पोचलेले असायचे. माझ्या लग्नात सासूबाईंनी पंगतीत वाकून त्यांना विचारलं, ‘मास्तर, बुंदी कशी झाली?’ सगळ्या जगानं ‘फस्क्लास’ म्हणायचं ठरवलेला तो प्रश्न. मास्तर थांबले. ‘गोड हाय,’ म्हणाले. सासूबाई खूष होऊन वळणार तेवढ्यात त्यांनी वाक्य पुरं केलं, ‘खालून करपली.’ सासूबाई असेपर्यंत त्यांची चौकशी करायच्या ती ‘तुमचा तो करपलेला मास्तर कसा आहे’ अशी.

त्यांच्या तासाला पुस्तक नसायचं. दोन तरटं असायची. एक भिंतीकडं, एक खिडकीकडं. मास्तर एक सवाल टाकायचे, आणि पोरांनी आपल्या मताप्रमाणं तरट धरायचं. भिंतीकडचं तरट उसूलाचं. चूक ती चूक, मग तिच्यातून काहीही निघो, असं मानणाऱ्यांनी तिथं बसायचं. खिडकीकडचं तरट नतीजाचं. त्यातून कुणाचं भलं होतं, कुणाचं वाईट होतं ते बघून ठरवणाऱ्यांनी तिथं. वाद चालायचा. समोरच्याचं पटलं तर तोंडानं ‘पटलं’ म्हणून भागायचं नाही, उठून जागा बदलायची. एक पोरगं हेतूचं, नियतचं काय विचारायला लागलं, मनात काय होतं त्याचं काय, तर मास्तर म्हणाले, ‘नियत खिशात ठेवायची. ती दोन्ही तरटांवर लागती.’

पण बसण्यापूर्वी ते पोरांना एक ताकीद द्यायचे. ‘भिंतीला टेकता येतं म्हणून आळशी माणूस उसूलाचा व्हतो. खिडकीतून रस्ता दिसतो म्हणून चंचल माणूस नतीजाचा व्हतो. तवा आपण कशापायी बसलो ते आधी बघा.’

एकदा सवाल होता हरभऱ्याचा. रस्त्यानं जाताना कडेच्या वावरातले घाटे तोडून खाल्ले, तर ती चोरी झाली का? सगळी शाळा खिडकीकडं गेली, कारण सगळ्या शाळेच्या खिशात घाटे होते.

दगडू नावाचा पोरगा पुढारी झाला. ‘दोन घाट्यांनी मालकाचं काय जातं, मास्तर?’

‘तू दोन तोडले. तुज्या मागून येणाऱ्यानं दोन. रस्ता औंढ्याचा हाय. शिवरात्रीला त्या रस्त्यानं किती माणूस जातं?’

दगडूनं विचार केला. ‘मंग शिवरात्रीला न्हाई तोडणार.’

मास्तर पोट धरून हसले. ‘बस तिथंच. नतीजावाला हाय, पर याचा नतीजा शिवरात्रीपर्यंतच जातो.’

स्वतः मास्तर कायम भिंतीकडं. इतकी वर्षं, एकदाही जागा बदललेली मी पाहिली नाही. मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘मला आजून कोणी उठवलं न्हाई. मी उठायला तयार हाय.’ आणि खोट्याविषयीचं त्यांचं मत त्यांनी मला त्याच वेळी सांगितलं. ‘बाई मनियाराच्या हातात हात देती, तो भरवशावर देती. तसा माणूस तुमच्याजवळ कान देतो. खोटं बोलणं म्हंजे तो हात पिरगाळणं. बांगडी बसंल बी एकांद्या वेळी. पर हात पिरगाळलाच ना?’

मी म्हणालो, ‘मास्तर, थोडंथोडं पिरगाळल्याशिवाय संसार होत नाही.’

‘म्हणून तर तुमी खिडकीकडचे,’ ते म्हणाले.

आता पेवाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेव म्हणजे जमिनीतली ज्वारीची कोठी. खोल, पोटाशी रुंद, तोंडाशी अरुंद. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपून वरून सारवून टाकायचं. माहीत नसलेला माणूस त्यावर जेवायला बसला तरी त्याला पत्ता लागत नाही. आमच्या शाळेच्या खोलीत, बैलांच्या काळातलं असं एक पेव होतं. खिडकीकडच्या तरटाखाली.

एका वाईट साली आषाढात निम्मी शाळा रिकामी झाली. ज्यांच्या घरी वावर नाही त्यांची पोरं येईनात. पोटात नाही तर येतील कशाला? मास्तर घरोघर फिरले. ‘उपाशी पोराला नीती शिकवणं हीच अनीती हाय,’ म्हणाले, आणि त्यांच्या शब्दावर वावरवाल्यांनी सुगीला थोडी थोडी ज्वारी त्या पेवात टाकायला सुरुवात केली. आषाढ-श्रावणात, मजुरीचं काम नसताना, गावाबाहेरच्या वस्तीतल्या घरांना ती वाटायची. शाळा सारवायला यायची ती गयाबाई त्याच वस्तीतली. नवरा नाही, पदरी एक लेकरू. पेवाचं तोंड लिंपायचं आणि उघडायचं काम तिचं.

मग दुसऱ्या मोठ्या लढाईची सालं आली आणि सरकारनं लेव्ही बसवली. वावराच्या अंदाजानं सरकारला ज्वारी घालायची, पिकली किती ते विचारायचं नाही. गावोगाव पेवं लपायला लागली. आमच्याकडं महसुलाचा साहेब, गिरदावर, येणार अशी वर्दी आली आणि पाटील संध्याकाळी शाळेत आले.

‘मास्तर, तो दुसऱ्या कोणाला इचारणार न्हाई. तुमालाच इचारणार. अख्ख्या तालुक्यात तुमचा शब्द चालतो. एक न्हाई म्हणा, काम झालं.’

‘न्हाई म्हणण्यासाठी शब्द चालवला का मी?’

‘मंग कशासाठी चालवला?’

मास्तर थांबले. पाटलांचा सवाल बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्याचं उत्तर मला दिलं, पाटलांना नाही. ‘रंगराव, पाटील बराबर बोलले. पर शब्द एका येळंसाठी चालवायचा म्हंजे पेरायची ज्वारी खाऊन टाकणं.’

मी म्हटलं, ‘मग गप्प बसा. गप्प बसणं खोटं नाही.’

‘कधी कधी असतं. त्याला वाटावं न्हाई म्हणून मी गप बसलो, तर ते खोटंच. नुस्तं आवाज न करता बोललेलं.’

गिरदावर आला. बरोबर लोखंडी सळया घेतलेले चार गडी. सळई जमिनीत खुपसायची, सटकन खाली गेली की पेव. शाळेत त्याला बसायला चांगली जागा म्हणून कुणीतरी खिडकीकडचं तरट झटकून दिलं. तो त्यावर बसला. पेवाच्या बरोबर वर. चहा आला. मास्तर समोर, भिंतीकडं.

‘मास्तरसाब, आपकी जबान पे हमको भरोसा है. इस गाँव में छुपाया हुआ पेव है?’

मास्तर थांबले. त्या थांबण्यात माझा निम्मा जीव गेला.

‘है,’ म्हणाले.

पाटलांनी डोळे मिटले.

‘किधर है?’

‘वो नहीं बोलूँगा.’

गिरदावरानं कपबशी खाली ठेवली. कुणी ‘नाही’ म्हटलं तर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, ‘आहे’ म्हणून पाय धरले तर काय करायचं तेही ठाऊक होतं. हे तिसरं त्याच्या कायद्यात नव्हतं. त्यानं धमकावलं, समजावलं. मास्तरांचं एकच, ‘जो पूछा वो सच बोला. जो नहीं बोलना, वो भी सच बोल के नहीं बोल रहा हूँ.’ शेवटी त्यानं मास्तरांना तालुक्याला नेलं आणि कचेरीच्या ओट्यावर काही दिवस नुसतं बसवून ठेवलं. इकडं गड्यांनी गाव सळयांनी चाळून काढलं. घरं, गोठे, अंगणं. शाळेची खोली तेवढी राहिली. साहेब जिथं बसला त्याच्या खाली सळई कोण घालणार? आणि सापडलं काय, तर पाटलांच्या गोठ्यातलं पेव. खासगी. गच्च भरलेलं. ते असल्याचं पाटलीणबाईंनाही धड माहीत नव्हतं.

मास्तर परत आले तेव्हा ते गावाचे लाडके झाले होते. ‘मास्तर लई पोचलेला माणूस. मोठ्याचं उकरलं, गरिबाचं राखलं.’ वस्तीतले लोक शाळेत नारळ घेऊन आले. मास्तरांनी नारळाला हात लावला नाही.

‘पाटलांचं पेव मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी हेच बोललो असतो. सळई चार हात इकडं पडली असती, तर तुमी आज नारळ आणला असता का धोंडा? नतीजा नशिबानं चांगला निघाला. नशिबाचा नारळ मला काहून?’

लोक हसले. त्यांना वाटलं, विनय आहे. नारळ तिथंच राहिला. नंतर तो मी फोडला. नीतीच्या वादात खाण्याचं जे उरतं ते माझ्याकडं येतं, हे तेव्हापासूनचं.

गयाबाई शेणाची पाटी घेऊन दारात उभी होती. ती हसली नव्हती.

‘मास्तर, एक इचारू?’

‘विचारा.’

‘पेवातली जवारी कुणाची?’

‘तुमची. वस्तीची.’

‘मंग तुमी त्या सायबाला है म्हणला, तवा माजी जवारी तुमी डावावर लावली. मला इचारलं व्हतं का?’

मास्तर थांबले. नेहमीपेक्षा जास्त.

‘गयाबाई, मी खोटं कसं बोलू?’

‘नगा बोलू. तुमाला खरं बोलायचं तर बोला. पर ते तुमच्या ताटातलं द्या की. माज्या लेकराच्या ताटातनं काहून देता?’

‘मी कचेरीत बसलो ना चार दिस. माझ्या अंगावर घेतलं.’

‘तुमी बसला. तुमाला तिथं भाकर व्हती. आन् सळई हितं फिरून राहिली व्हती.’

मास्तर उठले. भिंतीकडच्या तरटावरून उठले. आम्ही सगळे बघत होतो. वाटलं, आता खिडकीकडं जाणार. ते दोन पावलं गेले आणि मधोमध थांबले.

‘विचार करून सांगतो,’ म्हणाले.

‘करा. तवर म्या सारवून घेते. पाय उचला.’

त्या दिवसापासून हमीदमास्तर वर्गात बसले नाहीत. भिंतीकडं नाहीत, खिडकीकडं नाहीत. उभ्यानंच शिकवायचे, दोन तरटांच्या मध्ये, येरझाऱ्या घालत. गुडघा दुखायचा, आणि विचारलं तर ते तसं सांगायचेही. साल गेलं, लढाई संपली, तरी ते उभेच. गावाला वाटलं, मास्तरांना मूळव्याध झाली. मी त्यांना म्हणालो, ‘कंटाळा आला असेल तर बसा की कुठंतरी. एका बाईच्या बोलण्यावर इतकं काय.’ ते म्हणाले, ‘तिचं म्हणणं खोडता येत न्हाई. आन् माझं सोडता येत न्हाई. बसू कुठं?’

एवढं मात्र ते ठरवून चुकले होते, की दुसऱ्याच्या जिवावर बेतणार असेल तर त्याला विचारल्याशिवाय आपलं खरं खर्चायचं नाही. हे नुसतं तत्त्व म्हणून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते वापरायला काढलं.

राज्य हलायला लागलं तेव्हाची गोष्ट. गावातली तीन पोरं निजामाविरुद्धच्या कामासाठी पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली होती. त्यात तो घाट्यांचा दगडूही. निजामाच्या बाजूचे बंदूकवाले गावोगाव अशा पोरांची चौकशी करत होते. ते आले की मास्तरांनाच विचारणार, हे उघड होतं. मास्तर शिकवतात, आणि मास्तर मुसलमान. तेव्हा मास्तर त्या तीन पोरांच्या आयांकडं गेले. दारात उभं राहून एकेकीला विचारलं, ‘तुमचं लेकरू कुठं गेलं ते मला ठाऊक हाय. कोणी विचारलं तर मी काय म्हणू?’ दगडूची आई त्यांच्याकडं बघतच राहिली. असला सवाल तिला जन्मात कुणी केला नव्हता. ‘ठाऊक न्हाई म्हणा, बापा,’ ती म्हणाली. तिघींचं एकच उत्तर.

मास्तर माझ्याकडं आले.

‘रंगराव, मला खोटं बोलायला शिकवा.’

मी सुखावलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडं माझ्या खऱ्या विषयाची शिकवणी मागत होतं. मी बंदूकवाला झालो, मास्तर मास्तर झाले.

‘लडके किधर गए?’ मी विचारलं.

‘मला…’ मास्तर म्हणाले. नाकावर घाम आला. ‘मला ठाऊक…’ आणि त्या पुढचा ‘नाही’ काही केल्या बाहेर येईना. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं दुःख होतं की कुणीही लहान मुलानं ओळखावं, या माणसाला सगळं ठाऊक आहे.

‘समोरच्याच्या डोळ्यांकडं बघू नका,’ मी सांगितलं. ‘भिवयीकडं बघा. डोळे दिसले की खोटं अडतं.’

मास्तर एकदम थांबले. माझ्या भिवयीकडं बघत राहिले.

‘बाप म्हणायचा, बांगडीकडं बघ,’ ते हळूच म्हणाले. ‘आता मतलब लागला.’

तीन दिवस शिकवणी चालली. बंदूकवाले आले, मास्तरांना चौकात उभं केलं, विचारलं. मास्तरांनी बराबर भिवयीकडं बघितलं, तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. खरं नाही, खोटं नाही. त्यांना एक थप्पड बसली, टोपी उडाली. ‘अपना आदमी होके’ असं काहीतरी तो बंदूकवाला म्हणाला. मास्तर टोपी उचलून माझ्याकडं आले. गाल सुजलेला. ‘खोटं बोलणं बी हुनर हाय, रंगराव. तुमी लोकं ते सहज करता, म्हणून तुमाला त्याची किंमत न्हाई.’ दगडूच्या आईनं हळद आणि तेल पाठवलं. ‘इतकं मुकं बी ऱ्हाऊ ने माणसानं,’ ती मला म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

अठ्ठेचाळीस साली फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि वारं उलटं फिरलं. बाहेरगावची माणसं कुऱ्हाडी घेऊन गावोगाव मुसलमानांची घरं शोधत फिरताहेत, अशी खबर आली. मौलवीसाब आधीच हिंगोलीला निघून गेले होते. मास्तर जाईनात. ‘मी काय केलंय?’ एवढंच म्हणायचे. जणू त्या माणसांना ते खिडकीकडं आणि भिंतीकडं बसवणार होते.

दुपारी पाटील धावत शाळेत आले. ‘मास्तर, शेजारच्या गावापर्यंत आलेत. पेवात उतरा.’

मास्तर म्हणाले, ‘पाटील, तुमचं पेव माझ्यामुळं गेलं.’

‘ते मागून भांडू. जागा बदलून भांडू. आता उतरा.’

भादवा होता. ज्वारी श्रावणातच वाटून झालेली, पेव रिकामं. गयाबाईनं दगड सरकवला आणि आधी टोपलीत पेटता दिवा ठेवून दोरीनं खाली सोडला. बंद पेवात वाईट हवा असते. दिवा विझला की माणूसही विझतो. दिवा खाली जाऊन तेवत राहिला. मग मास्तर उतरायला लागले. कमरेपर्यंत गेल्यावर थांबले.

‘वर कोणी विचारलं, तर काय सांगणार तुमी?’

‘ते तुमी ऐकू नगा,’ पाटील म्हणाले, आणि त्यांनी मास्तरांचं डोकं खाली दाबलं.

दगडाला हवेपुरती फट ठेवून वर तरट टाकलं. गयाबाई लेकराला जवळ घेऊन त्यावर बसली आणि सुपात ज्वारी पाखडायला लागली. इतक्या वर्षांत ती त्या तरटावर कधी बसली नव्हती. पाटील बाहेर वेशीकडं गेले. मी भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहिलो, शिकवायला कुणी नसताना.

ते सातआठजण होते. ओळखीचं कुणी नाही. एकानं दारातूनच मला विचारलं, ‘तो मास्तर कुठाय?’

मी तोंड उघडलं. ज्यानं हमीदमास्तरांना तीन दिवस शिकवणी दिली, त्या माझ्या घशातून हवेशिवाय काही निघालं नाही. भिवयीकडं बघायचं हेसुद्धा आठवलं नाही.

‘गेला,’ गयाबाई म्हणाली. सूप थांबलं नाही. ‘परवाच गेला. औंढ्याच्या रस्त्यानं.’

‘खरं सांग.’

‘खोटं बोलून मला काय भेटतं? आमाला काय त्यो जहागीर देऊन गेला?’

‘लेकराची शपथ घे.’

सूप थांबलं. तिनं शेजारच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. ‘ह्या लेकराची आन,’ म्हणाली. ‘गावात न्हाई त्यो.’

त्यांच्यातल्या एकानं खोलीत नजर फिरवली. बैलांचा वास, दोन तरटं, एक बाई, एक नकाशा आणि एक कवायतमास्तर. मग ते गेले. औंढ्याच्या रस्त्यानं.

बऱ्याच वेळानं पाटलांचा गडी सांगत आला, की ते नदी उतरले. गयाबाई उठली, तरट सारलं, दगड बाजूला केला. मास्तरांचं डोकं वर आलं. टोपी नाही, दाढीभर भुसा. हात देऊन मी त्यांना वर घेतलं. त्यांनी पेव पाहिलं नाही, मला पाहिलं नाही. लेकराकडं बघत होते.

‘गयाबाई, लेकराच्या डोक्यावर हात काहून ठेवला?’

‘मंग?’ ती म्हणाली. ‘तुमाला इचारून ठेवायला पायजे व्हता?’

मास्तर थांबले. मी त्यांची बरीच थांबणी पाहिली, पण त्यात काही शोधणं चाललेलं असायचं. या वेळी तसं वाटलं नाही.

पुढं आठवडाभर ते पाटलांच्या घरी राहिले. वाटा निवळल्यावर बैलगाडीनं औंढ्याला भावाकडं गेले, आणि मग तिथूनही कुठं पुढं लेकीकडं. गाडी वेशीतून जाताना मी पाहिली, तेव्हा शेवटचं दर्शन म्हणायचं तर ते. पण गाडीत ते पाठमोरे होते आणि पाठमोरा माणूस कुणासारखाही दिसतो. मी शेवटचं म्हणून धरून ठेवलंय ते त्या दुपारचंच.

पेवाच्या तोंडाशी उभे असलेले मास्तर गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले. पुन्हा टेकलेल्या गयाबाईशेजारी, खिडकीकडच्या तरटावर. इतक्या सालांनी बसले, तर सांध्यांचा आवाज झाला. त्यांनी भुसा झटकला. मग समोर बघितलं. भिंतीकडचं तरट रिकामं होतं.

‘रंगराव,’ म्हणाले, ‘तिकडं बसा. खऱ्याच्या बाजूनं बोलायला कोणीतरी पायजे. न्हाई तर आमी दोघं फुकटच जिंकू.’

‘मी?’

‘दुसरं कोण हाय इथं?’

मी बसलो. भिंत थंड होती आणि टेकायला खरंच बरं वाटत होतं. गयाबाईनं लेकराला जवळ ओढून घेतलं.

‘गयाबाई,’ मी घसा साफ करून सुरुवात केली, ‘तुम्ही खोटं बोललात.’

‘बोलले,’ ती म्हणाली. ‘फुडं?’

मास्तरांनी दाढीत अडकलेला ज्वारीचा एक दाणा काढला, तो बोटांत धरला आणि माझ्या डोळ्यांकडं बघत, मी काय बोलतो याची वाट पाहत बसून राहिले.